वाणात दिलेली स्ट्रॉबेरी

तुम्ही खोटं लिहिलंत. चुकून नाही, घाईत नाही, छापताना ओळ गळली म्हणूनही नाही. तीन समित्यांच्या सह्या घेऊन, गुळगुळीत कागदावर, रंगीत चित्रासकट, पुस्तिकेच्या नवव्या पानावर तुम्ही खोटं लिहिलंत : ‘रनर दिसताच कापून टाकावेत. रनरपासून केलेल्या रोपास फळ कमी व बेचव येते.’ ही पुस्तिका तुम्ही राज्यातल्या चार लाख घरांत वाटलीत. खरं कारण तुम्हाला ठाऊक होतं. ते लिहिलं असतं तर लोक घाबरले असते, आणि घाबरलेले लोक उद्घाटनाला टाळ्या वाजवायला येत नाहीत. म्हणून तुम्ही कारण बदललंत. एका ओळीचं काम. त्या ओळीपायी सोलापुरातल्या एका गॅलरीत काय झालं ते आता ऐकून घ्या. मध्ये बोलायचं नाही.

जयमाला गोळेचं माहेर जावळीच्या डोंगरातलं. फ्रॉक घालायच्या वयापासून ती आईबरोबर स्ट्रॉबेरीच्या रोपवाटिकेत कामाला जायची. ज्यांनी स्ट्रॉबेरी फक्त आइस्क्रीमवर पाहिली त्यांच्यासाठी सांगतो. हे झाड फळ देतं ते देतंच, शिवाय हवा तापायला लागली की अंगातून लांब दोरे सोडतं. त्या दोऱ्याला रनर म्हणतात. रनरच्या टोकाला दोन-तीन पानांचं पिल्लू असतं. ते मातीला टेकवलं, तारेच्या चापानं दाबून धरलं, की पंधरवड्यात मूळ धरतं. मग मधला दोरा कापायचा. झालं नवं रोप, आईच्या अंगचं, जसंच्या तसं. महाबळेश्वर-पाचगणीकडची सगळी स्ट्रॉबेरी या दोऱ्यावर उभी आहे. तिथला शेतकरी दरसाल जुनं झाड टाकतो आणि पिल्लू लावतो, कारण फळ पिल्लालाच धरतं. जयमालाच्या बोटांनी असे किती लाख चाप दाबले असतील याचा हिशेब कुणी ठेवला नाही. रनर कापून फेकायचा ही गोष्ट तिच्या हाताला माहीतच नव्हती.

लग्न झालं, नवऱ्याची बदली सोलापूरच्या एसटी वर्कशॉपला झाली, आणि ती डोंगर सोडून भट्टीत आली. अंकुश मेकॅनिक. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगणारा माणूस, पण स्वतःच्या अंगातली साखर त्याला बावीस वर्षं कळली नाही. कळली तेव्हा उजव्या पायाची दोन बोटं गेली होती. मग दिवसाला चार सुया. सुई टोचताना तो भिंतीकडे तोंड करायचा आणि जयमाला शेगडीकडे. नवरा-बायकोचं दिवसाचं बोलणं त्या चार वेळांभोवती सुकून गेलं.

अशा घरात आरोग्यफळ योजना आली.

सहा टांगत्या कुंड्या आल्या. पांढऱ्या, दुहेरी भिंतीच्या, मधल्या पोकळीत पाणी, वर सूर्यावर चालणारा सुपारीएवढा पंप. कुंड्या टांगायला मृणाल देवळे नावाची योजनेची तंत्रज्ञ पोरगी आली होती. शिडीवर चढून छताच्या हुकात साखळ्या अडकवता अडकवता तिनं समजावून सांगितलं.

“काका, इन्सुलिन तोंडानं का घेता येत नाही? पोटातलं आम्ल त्याचा चुरा करतं. म्हणून सुई. पण झाडाच्या पेशीला जाड भिंत असते. ह्या स्ट्रॉबेरीत माणसाच्या इन्सुलिनचं जनुक बसवलंय. फळ पिकताना झाड फळातच इन्सुलिन बनवतं आणि ते पेशीच्या भिंतीआड राहतं. पोटाला ती भिंत फुटत नाही. आतड्यातले जिवाणू ती फोडतात, तिथं औषध सुटतं. त्याला एक वाहक प्रथिन जोडलंय. ते त्याला हात धरून रक्तात नेऊन सोडतं. हळूहळू, दिवसभर.”

“म्हणजे झाडच कंपाउंडर,” अंकुश म्हणाला.

“आणि दवाखाना गॅलरीत. रोज सकाळी नाश्त्याआधी तीन फळं. तीनच.”

“आणि ही पाण्याची पोकळी कशाला?” जयमालानं विचारलं.

मृणाल साखळी ओढत होती. तिनं खाली न बघताच उत्तर दिलं. “रोपाला ऊन मानवत नाही ना काकू. पंप बंद पडला तर लगेच फोन करा.”

चार महिन्यांत अंकुशच्या सुया सुटल्या. दंडावरची साखरपट्टी, जी फोनवर आकडा दाखवते, हिरवी राहायला लागली. तो सकाळी गॅलरीत उभा राहून, एकेक फळ देठाला धरून तोडायचा आणि डोळे मिटून खायचा. बायकोशी बोलायला लागला. एकदा तर चहा करून आणला. जयमालानं त्या कपाकडे बघितलं आणि तिला रडूच आलं.

“एवढा वाईट झालाय?” तो म्हणाला.

एप्रिलमध्ये रनर सुटले. कुंडीच्या काठावरून खाली लोंबायला लागले, हिरवे, तकतकीत, टोकाला पिल्लं. जयमालानं पुस्तिका उघडली, नववं पान वाचलं आणि मोठ्यानं हसली.

“बेचव येतं म्हणे! अहो, ज्यानं हे लिहिलं त्यानं जन्मात रनर बघितलाय का? कोणीतरी खुर्चीत बसून लिहिलंय.”

“सरकारी रोप आहे ते. कापा म्हटलंय तर काप की,” अंकुश म्हणाला.

“सरकारला स्ट्रॉबेरीतलं काय कळतं? मला शिकवणार?”

हा तिचा गर्व होता, आणि तो खरा होता. त्या ओळीत ‘धोका’ हा एक शब्द असता तर तिनं ते रनर स्वतःच्या हातानं चुलीत घातले असते. पण तुम्ही तिला शेतीचं कारण दिलंत, आणि शेतीत तुमच्यापेक्षा ती मोठी होती. तिला ते कारण खोटं आहे हे पहिल्या वाचनात कळलं. कारण खोटं म्हणजे सूचनाही फालतू, असा तिनं सरळ अर्थ लावला. दुसरा कोणता लावायचा होता?

तिनं श्रीखंडाचे रिकामे डबे घेतले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली, कोकोपीट म्हणजे नारळाचा भुसा भरला आणि ते कुंड्यांच्या शेजारी ज्यूटच्या दोरीनं टांगले. पिल्लं त्यात चापानं दाबली. पहिल्या उन्हात बरीच मेली. पावसानं हात दिला तेव्हा अकरा जगली. संक्रांतीपर्यंत त्यांना पांढरी फुलं आली होती.

दर संक्रांतीला बायका हळदीकुंकवाला वाण लुटतात. प्लॅस्टिकच्या चाळण्या, डबे, कंगवे. त्या वर्षी जयमालानं अकरा बायका निवडून बोलावल्या, आणि निवड काही उगाच नव्हती. त्या अकराही घरांत कोणाला ना कोणाला साखर होती आणि अकराही घरं योजनेच्या प्रतीक्षायादीत होती. यादी तीन वर्षांची. यादीतल्या माणसाचा मधुमेह तीन वर्षं थांबून बसत नाही, हे काही यादी करणाऱ्याला सांगावं लागत नसेल.

त्यात शेजारची पद्मा येमूल होती. पद्मा पूर्वी टॉवेलच्या कारखान्यात गाठी मारायची. आता घरीच शिलाई. तोंडानं फटकळ, आणि जयमालाचा या शहरातला पहिला माणूस. नव्या घरात गॅस यायच्या आधी दीड महिना तिनं जयमालाच्या घरी भाकरी पुरवली होती. तिला साखर निघून वर्ष झालं होतं. गोळ्या चालू, यादीतला नंबर हजारांत.

“अगोबाई,” डबा हातात घेऊन पद्मा म्हणाली, “लोक चाळण्या लुटतात, जयाक्का तुम्ही औषधाचं दुकानच लुटलात की ओ!”

“हळू बोल. भिंतीला लागून साठ्यांचं घर आहे.”

“मी कुणाला सांगते? घरात म्हणीन, अक्काच्या माहेरची स्ट्रॉबेरी आहे. आमचे हे विचारत बसतील मग, परवानगी आहे का, पावती आहे का.”

“रोज सकाळी तीन. तीनच हं पद्मा. गोळ्या लगेच सोडू नकोस.”

“चार खाल्ले तर?”

“तर दंड म्हणून मला एक साडी द्यावी लागेल तुला, हावरट कुठली.”

बायका हसल्या. तिळगूळ वाटला, अत्तर लावलं, आणि अकरा डबे अकरा गॅलऱ्यांत जाऊन टांगले गेले. त्या दिवशी बाहेर अठ्ठावीस अंश होते.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पारा चाळिसावर गेला. दहा तारखेला सकाळी पद्मा शिलाईच्या मशीनवर बसल्या बसल्या घामानं चिंब झाली, काहीतरी असंबद्ध बोलली आणि कापडावर डोकं टेकून पडली. नवरा श्रीनिवास आणि कॉलेजात जाणारी मुलगी स्वप्ना यांनी तिला दवाखान्यात नेलं. रक्तातली साखर अठ्ठावीस निघाली. ग्लुकोज चढवलं, ती उठून बसली, विचारलं, “मशीन बंद केली का कोणी?” डॉक्टरांनी गोळ्यांना दोष दिला आणि त्या बंद केल्या. दोन तासांनी साखर पुन्हा कोसळली. पुन्हा ग्लुकोज. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर चक्रावले. गोळ्या अंगातून उतरल्या असणार, मग साखर जातेय कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास जयमाला भेटायला गेली. पद्मा अर्धवट शुद्धीत होती. ओठ कोरडे, नजर भिंतीवर कुठेतरी. स्वप्ना उशाशी बसून वाटीत काहीतरी लाल कुस्करत होती आणि चमच्यानं आईला भरवत होती.

“काय देतेस?”

“डॉक्टर म्हणाले, मावशी, शुद्धीवर आहे तोवर गोड काहीतरी देत राहा. आईला ही स्ट्रॉबेरी आवडते ना, तुम्ही दिलेल्या झाडाची. पप्पांनी सकाळी डबा भरून आणलाय. खूप लागलीत सध्या.”

काय घडतंय ते तिला नेमकं कळलं नव्हतं. झाडामुळे साखर उतरते हे माहीत होतं, पण तीन फळांनी एवढी? अंकुशची तर कधी शंभराच्या खाली गेली नव्हती. तरीही तो लाल चमचा पद्माच्या ओठांपर्यंत जाताना तिनं बघितला.

त्या क्षणी तिनं ओरडायला हवं होतं. डॉक्टर वीस पावलांवर फाइल लिहीत उभा होता. ती ओरडली नाही. ती म्हणाली, “आण गं तो डबा. ही धुतलेली नाहीत. अशा फळांनी उलट्या व्हायच्या.” डबा पदराखाली धरून ती जिन्यानं खाली उतरली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण फक्त पुरावा उचलून आणलाय.

घरी अंकुशनं सगळं ऐकून घेतलं. मग दार लावलं.

“डबा आणलास ना? मग झालं. आता पोटात जाणार नाही. बरी होईल.”

“आणि जे पोटात गेलंय? डॉक्टरला माहीत नाही कशामुळे होतंय.”

“तुला काय माहीत, ह्यामुळेच होतंय? मी वर्षभर खातोय. मला काय झालं? तिच्या गोळ्या असतील. तिचं काहीही असेल.”

“अहो, मी सांगायला हवं.”

“कोणाला सांगशील? सरकारी झाड चोरून वाढवलं, वर वाटलं, म्हणून सांगशील? उद्या ते येऊन सहाच्या सहा कुंड्या काढून नेतील.” त्यानं पाय पुढे केला, दोन बोटांची मोकळी जागा दाखवत. “पुढची तीन तू मोज मग.”

“पद्मा मरेल हो.”

“मरणार नाही. दवाखान्यात आहे ती.” आवाज खाली आला. “जया, मला परत भिंतीकडे तोंड करून बसायचं नाही. एवढं मागतोय.”

बावीस वर्षं ह्या माणसानं काही मागितलं नव्हतं. जयमाला स्वयंपाकघरात गेली, भाताला पाणी घातलं, गॅस लावला, परत बंद केला. घड्याळाकडे बघितलं. साडेबारा. मग फोन उचलून मृणालला लावला. म्हणाली, पंप आवाज करतोय, लवकर ये.

मृणाल दोनला आली. पंप ठणठणीत होता. जयमालानं तिच्यासमोर तो डबा उघडून ठेवला आणि श्रीखंडाच्या डब्यापासून आत्तापर्यंतचं सगळं सांगितलं. अंकुश आतल्या खोलीत जाऊन बसला.

पोरीचा चेहरा उतरला. तिनं बॅगेतून छोटं यंत्र काढलं. कुंडीतल्या फळाचा थेंब पट्टीवर टाकला. आकडा आला पाच. मग डब्यातल्या फळाचा टाकला. एकेचाळीस.

“काकू, तुमचे डबे साधे. कुंडी थंड असते.”

“मला समजेल असं सांग.”

मृणालनं खुर्ची ओढली. “प्रत्येक जनुकाला एक बटण असतं. ते दाबलं की जनुक काम करतं. ह्या रोपाचं बटण फळ पिकताना दाबलं जाईल असं बसवलंय. पण कडक ऊन लागलं की झाड घाबरतं आणि जीव वाचवायला धोक्याची सगळी बटणं एकदम दाबतं. आपलं बटण त्यांना लागूनच बसलंय, तेही दाबलं जातं. तीस अंशांपर्यंत काही नाही. पस्तिसाला दुप्पट. चाळिसाला आठपट. म्हणून ती पाण्याची पोकळी. कुंडी सव्वीसवर ठेवते.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

“पहिल्या चाचण्या डोंगरावर झाल्या, थंड हवेच्या पॉलिहाऊसमध्ये. तेव्हा कळलं नव्हतं. नंतर विदर्भात एक कुंडी उन्हात फुटली तेव्हा कळलं. मग ही नवी कुंडी केली.”

“आणि पुस्तिकेत ‘बेचव’ लिहिलं.”

मृणाल यंत्र पुसून बॅगेत ठेवायला लागली.

“पोरी, मी तुला विचारते. का?”

“खरं लिहिलं असतं तर मंजुरी परत पहिल्यापासून घ्यावी लागली असती. वरून आलं, सूचना तीच ठेवा, कारण सौम्य करा.” तिनं डोळे पुसले. “मी वर्षभर घरोघरी तेच वाचून दाखवतेय काकू.”

“अजून किती वेळ राहतं हे अंगात?”

“फळ आतड्यात असेपर्यंत सुटत राहतं. दोन दिवस. डॉक्टरला कळलं तर पोट साफ करतील, सलग जाड ग्लुकोज लावतील. थेंबाथेंबानं नाही.”

जयमाला उठली. चपला घालताना आतल्या खोलीतून आवाज आला, “जया.” ती थांबली नाही.

डॉक्टर तिशीतला होता, दोन दिवस न झोपलेला. त्यानं ऐकलं, आकडे लिहून घेतले, नर्सला चार हुकूम सोडले आणि मग वळून विचारलं, “तुम्ही सकाळी आला होतात ना? डबा घेऊन गेलात तुम्हीच?”

“हो.”

“सकाळी का नाही बोललात?”

दहा ते तीन. त्या पाच तासांत दोनदा पद्माला आकडी आली होती.

पद्मा जगली. नऊ दिवस अतिदक्षता विभागात राहून जगली. पण आता ती शब्द शोधते. सुईला ‘ते टोचायचं’ म्हणते. श्रीनिवास जिन्यात भेटला की बाजूला सरकून उभा राहतो, जयमाला जाईपर्यंत. स्वप्ना तेवढंही करत नाही. तिनं फक्त एकदा विचारलं, “मी भरवत होते तेव्हा तुम्ही बघत होता ना, मावशी?”

पण हे सगळं नंतर. त्याच दुपारी जयमाला दवाखान्यातून निघाली ती थेट बाकीच्या दहा घरी. मृणाल स्कूटर चालवत होती, ही मागे गोणपाट घेऊन. पद्माचं रोप तिनं आधीच उपटून आणलं होतं. कोणी हसून डबा दिला, कोणी शिव्या घालून. एका सासूबाईंनी तर, माझी साखर कधी नव्हे ती उतरलीय, म्हणून दोरी घट्ट धरून ठेवली. मृणालनं आकडा दाखवला तेव्हा सोडली. सहापर्यंत गोणपाटात दहा रोपं जमली.

अकरावं नाईकनवरे बाईंना दिलं होतं.

“अहो, ते होय? फुलं गळायला लागली त्याची. गाडीवरच्या इस्माईलभाईला दिलं बदल्यात, मोगरा घेतला.” बाईंनी गॅलरीतला मोगरा दाखवला. चांगला फुलला होता.

इस्माईलभाईची रोपांची हातगाडी त्यांनी बाजाराच्या कोपऱ्यावर गाठली. तो पाणी शिंपडत होता.

“श्रीखंडाच्या डब्यातलं? हा, होतं की. गेलं ते. पंधरा-वीस दिवस झाले असतील अक्का.”

“कोणी नेलं?”

“आता काय सांगू... स्कूटरवर बाई होती एक. मागं शाळेच्या ड्रेसमधी बारकी पोरगी, दोन वेण्या. दोन फळं लाल झालेली. पोरगी म्हणे हेच पाहिजे. हटूनच बसली. मी म्हणलो, घ्या ताई, पोरीच्या हातानं लागंल.”

“कोणती शाळा? ड्रेस कोणत्या रंगाचा?”

“निळा का हिरवा... अक्का, दिवसाला शंभर गिऱ्हाइकं. झालंय काय?”

जयमाला गाडीच्या कडेला टेकून उभी राहिली. पद्मा तरी साखरेची पेशंट होती. त्या पोरीला साखर नाही, तिच्या आईला ते औषध आहे हे माहीत नाही, आणि कोणी डबा गरम झाला म्हणून फोन करणार नाही. पंधरा लाखांच्या शहरात कुठल्या तरी गॅलरीत, दोरीवर, एक डबा वाऱ्यानं हलतोय आणि त्यात फळं पिकतायत. शाळेतून आली की पोरगी तोडून खात असेल. मैत्रिणीलाही देत असेल.

दुसऱ्या दिवशी तिला योजनेच्या विभागीय कार्यालयात बोलावलं. ती जाणारच होती. अंकुशही आला, काठी टेकत.

साहेब सभ्य होते. पाणी मागवलं, खुर्च्या दिल्या, खोलीत एसी. त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. ‘मी योजनेच्या रोपाची बेकायदेशीर अभिवृद्धी करून ती सूचनेविरुद्ध वाटली. त्यातून झालेल्या परिणामास मी सर्वस्वी जबाबदार आहे.’

“सही करा म्हणजे विषय संपला. पोलिसांत जायची आमची इच्छा नाही. तुमच्या यजमानांच्या कुंड्याही राहतील. आम्ही माणुसकी सोडलेली नाही.”

“आणि ती पोरगी?”

“कोणती?”

तिनं सांगितलं. साहेबांनी वहीत टिपून घेतलं. “अंतर्गत चौकशी होईल. अहवाल येईल.”

“कधी?”

“दोनेक महिने.”

“उद्या बेचाळीस सांगितलंय हवामान खात्यानं.”

“बाई, तुमची कळकळ मला समजते.”

“समजते तर आज जाहीर करा. रेडिओवर, टीव्हीवर, प्रत्येकाच्या फोनवर. पांढऱ्या कुंडीबाहेर वाढलेली ही स्ट्रॉबेरी खाऊ नका, उन्हात तिचं विष होतं. एवढं एक वाक्य. पूर आला की पाठवता ना सगळ्या फोनवर?”

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तुम्ही एका मुलीचा विचार करताय. मला चार लाख पेशंटचा करावा लागतो. उद्या हे टीव्हीवर आलं तर लोक कुंड्या खिडकीतून फेकतील. सुया परत मिळेपर्यंत किती जणांचे पाय जातील, डोळे जातील? त्याची जबाबदारी कोण घेणार? तुम्ही?”

साहेब खोटं बोलत नव्हते, आणि जयमालाला ते कळत होतं. शेजारच्या खुर्चीवर त्या चार लाखांपैकी एक बसला होता. तिनं त्याच्याकडे बघितलं. अंकुशनं मान वर केली नाही. काठीच्या मुठीवर त्याची बोटं पांढरी पडली होती. “सही कर आणि चल,” तो म्हणाला, इतक्या हळू की एसीच्या आवाजात ते बुडालं. मग तो उठला, दार ढकलून बाहेर गेला. बाकावर थांबला की जिना उतरला, तिला कळलं नाही.

तिनं पेन उचललं. कागदावर सही केली, पूर्ण नावानं, सावकाश, तारखेसकट. साहेबांनी हात पुढे केला. तिनं कागदावर तळहात ठेवला.

“चोरी माझी. फोटोसकट छापा, पोलिसांना द्या. पद्माचे पाच तास माझे, ते मी जन्मभर भरीन, त्याला तुमची कुणाची गरज नाही. लोक कुंड्या फेकतील म्हणता ना? मग खरं सांगायची सवय आधीच ठेवायची होती. आता दोन्ही गोष्टी सांगा. कुंडीतलं खा, कुंडीबाहेरचं खाऊ नका. लोक काय बिनडोक आहेत? मला ‘धोका’ म्हणून कुणी सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं?”

“बाई, कागद द्या.”

“देते. तो फोन उचला आणि माझ्यासमोर बोला, मग देते.”

“हे असं होत नसतं. वरची परवानगी लागते.”

“मग वर लावा. मी बसलेय.”

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. जयमालानंही पाहिलं. अकरा वाजून वीस मिनिटं. सकाळची शाळा साडेअकराला सुटते.

“दहा मिनिटांत ती घरी निघेल साहेब. दप्तर टाकेल आणि गॅलरीत जाईल. तिचं नाव मला माहीत नाही, तुम्हालाही नाही, म्हणून तर सगळ्यांना सांगायचंय. जाहीर करताय की नाही? चौकशी नको, अहवाल नको. हो की नाही, एवढंच बोला.”

साहेबांनी टेबलावरचा चष्मा उचलून परत डोळ्यांवर चढवला.

“बोला की.”